पियानोचे कान पिळणारा तेहरानचा उस्ताद: मोर्तेझा महजूबी

कणसूर (धागाकर्ता)

पियानो हे आपल्या कामाचं वाद्य नाही, असं आपल्याकडे जवळपास एकमताने ठरलेलं आहे. मींड नाही, श्रुती नाहीत, एकदा ट्यूनर येऊन गेला की बारा सूर पक्के. ते पसंत असतील तर वाजवा, नाहीतर झाकण लावून वर फोटोफ्रेम ठेवा.

तेहरानच्या मोर्तेझा महजूबींसमोर (१९००-१९६५) हीच अडचण होती. त्यांनी संगीताला मुरड घातली नाही, पियानोचे कान पिळले. हव्या त्या तारा उतरवून वाद्य इराणी सुरांत लावून घेतलं आणि जन्मभर त्यावर दस्तगाह (आपल्या रागांसारख्या तिथल्या स्वरचौकटी) वाजवले. सध्या माझ्याकडे सकाळ-संध्याकाळ हेच चालू असतं, म्हणून हा धागा.

थोडी पूर्वपीठिका. नेपोलियनने इराणच्या फत्ह अली शाहला पियानो भेट दिला, ही गोष्ट इराणी पियानोचा विषय निघाला की हमखास सांगतात. पण राजवाड्यात वाद्य आलं म्हणून ते संगीतात आलं असं होत नाही. ते आलं नासिरुद्दीन शाहच्या काळात (१८४८-१८९६), आणि आणलं एका संतूरवाल्याने. मोहम्मद सादेक खान, किताब सुरूर उल-मुल्क. पियानोचं झाकण उघडलं की आत काय दिसतं? आडव्या ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर पडणाऱ्या हातोड्या. संतूर वाजवणाऱ्याला यात परकं वाटण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी पियानो संतूरसारखा लावला आणि संतूरसारखाच वाजवला. वाद्य युरोपचं, पण त्याला हाताचं वळण लागलं ते संतूरचं. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांची किल्ली इथेच आहे. इराणी संगीतात मींडेचा बडेजाव आपल्याइतका नाही. तिथली शान आघातात, पुनरावृत्तीत, गळ्यातल्या तहरीरमध्ये आहे. त्यामुळे मींड नाही म्हणून पियानो बाद झाला नाही. अडचण उरली ती फक्त सुरांची.

ती अडचण आपल्या भाषेत मांडतो. इराणी संगीतात सात दस्तगाह: शूर, माहूर, हुमायून, सेगाह, चहारगाह, नवा आणि रास्त-पंजगाह. शिवाय अबू अता, दश्ती, बयाते-तुर्क, अफशारी, इस्फहान असे पाच 'आवाज', म्हणजे उपशाखा. प्रत्येकात लहान लहान सुरावटी, त्यांना गुशे म्हणतात. आणि हे सगळं भांडार पाठ करायचं, ते रदीफ. माहूरचे सूर आपल्या बिलावलच्या अगदी जवळ, त्यामुळे साध्या पियानोवरही माहूर बरा लागतो. पण चहारगाह घ्या. सांगाडा सरळ भैरवचा आहे: सा रे ग म प ध नी, रे-ध उतरलेले. फरक एवढाच की हे रे-ध कोमल नाहीत, कोमल आणि शुद्ध यांच्या अधेमधे कुठेतरी बसतात. शूरचंही तसंच. रे पूर्ण शुद्ध केला तर आसावरी थाट, पूर्ण कोमल केला तर भैरवी. शूरचा रे या दोघांच्या मधल्या जागेत उभा. या उतरवलेल्या सुराला कोरोन म्हणतात. त्याची खूण अलीनकी वझीरींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीत आणली. पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांत कोरोन कुठेच नाही. तो पाहिजे तर कुठल्या तरी पट्टीचा बळी द्यावा लागतो.

महजूबींच्या घरात पियानो आधीपासून होता. आई वाजवायची, थोरला भाऊ रझा व्हायोलिन वाजवायचा. त्यांनी पियानोसाठी स्वतःची खुणांची लिपीसुद्धा तयार केली, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या भानगडीत न पडता. पण त्यांचं नाव घरोघरी गेलं ते रेडिओमुळे. १९५६ साली दावूद पिरनियांनी तेहरान रेडिओवर 'गुलहा' ही कार्यक्रममाला सुरू केली. अभिजात फारसी कविता, तिचं वाचन, गायन आणि वादन. १९७९ पर्यंत ती चालली, सुमारे दीड हजार कार्यक्रम झाले. त्यात गुलाम हुसैन बनान यांचा गळा आणि महजूबींचा पियानो ही जोडी ऐका.

काय ऐकायचं ते सांगतो. बनान एक ओळ ताल सोडून, संथ म्हणतात. ओळीच्या शेवटी तहरीर, गळ्यात सूर मोडत-जोडत जाणारी लकेर. ती संपते न संपते तोच पियानो तीच ओळ परत म्हणतो. याला 'जवाबे आवाज' म्हणतात. महजूबींचे दोन्ही हात एकच सुरावट वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. खाली कॉर्ड्सचा गालिचा नाही, डाव्या हाताचं ढम-ढम नाही. लांब सूर धरायचा असेल तर दोन हात आलटून-पालटून त्याच सुरावर झरझर पडत राहतात, संतूरच्या दोन काड्या पडतात तसेच. आणि मध्येच तो कोरोन येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, पियानो उतरलाय. चार-पाच मिनिटांनी कान बसतो, मग नंतर लागलेला साधा पियानोच जरा उर्मट वाटायला लागतो.

ते संगीतकारही मोठे. रही मोअय्येरींचे शब्द, बनानांचा गळा आणि महजूबींची चाल, असं दश्तीतलं 'कारवान' आजही इराणी लोक गुणगुणतात.

आता वादाचा मुद्दा. आज 'इराणी पियानो' म्हटलं की लोकांना जवाद मारूफी (१९१२-१९९३) आठवतात. त्यांच्या 'ख्वाबहाये तलाई'ला, म्हणजे 'सोनेरी स्वप्नं' या रचनेला, तोड नाही लोकप्रियतेत. पण मारूफींनी नेहमीचा, बारा सुरांचा पियानो ठेवला आणि इराणी सुरावटी त्यात बसवल्या. युरोपीय संगीतकार शोपँच्या वाटेने जाणारा डावा हात, वर इराणी चाल. गोड आहे. पण मला विचाराल तर तिथे पियानो जिंकलाय आणि दस्तगाह पाहुणा आहे. महजूबींकडे उलट. तुमचं काय मत?

---

अर्धीमात्रा

वाचतेय. सविस्तर रात्री. भैरव-चहारगाहची तुलना आवडली, लगेच लावून बघितलं. पहिली दोन मिनिटं खरंच वाटलं, स्पीकर बिघडला.

---

पेटीवाला

कणसूर, झकास धागा. तुम्ही 'जवाबे आवाज' म्हणताय ती आमची रोजची भाकरी आहे हो. गवयाची जागा उचलायची, पुढच्याच्या पायात न येता परत म्हणायची आणि वेळेत बाजूला व्हायचं. यालाच साथ म्हणतात.

पण जरा वर्षं शेजारी मांडून बघा. १९४० साली आपल्या आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. कारण काय, तर पेटीचे सूर ठरीव, त्यात श्रुती नाहीत, मींड नाही. ही बंदी तीसेक वर्षं चालली. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी माणसाकडे होतं. त्यांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर मानाचं पान दिलं, सिनेमाच्या गाण्यांना बाहेर काढलं, पण पेटी बाहेरच राहिली. आणि नेमक्या त्याच दशकात तेहरान रेडिओवर, तिथल्या सर्वात सोवळ्या कार्यक्रमात, पेटीपेक्षाही ठोकळेबाज वाद्य गवयाच्या शेजारी बसून जवाब देत होतं!

दोन्हीकडे रोग एकच. आपण पेशंटला हाकललं, त्यांनी इलाज केला. मला तर हे वाचून हेवा वाटला.

आपल्याकडे इलाज झालाच नाही असंही नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब यांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी बनवून घेतली होती. आता ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांची बावीस श्रुतींची पेटी आहे. पण मैफलीत बघाल तर अजून साधी पेटीच.

---

टोरांटोची मावशी

मी इथे मारूफींच्या बाजूने उभी राहणार आहे, आधीच सांगते.

आमच्याकडे यंग स्ट्रीटच्या उत्तरेला इराणी वस्ती इतकी आहे की लोक गमतीने 'तेहरांटो' म्हणतात. माझी लेक ज्या बाईंकडे पियानो शिकते त्या तेहरानच्या. मुलांचा वार्षिक कार्यक्रम असला की 'सोनेरी स्वप्नं' कुणी ना कुणी वाजवतंच, आणि मागच्या रांगेतल्या आज्या डोळे पुसतात. कणसूरदादा, तुमच्या महजूबींचा पियानो या पोरींनी वाजवायचा कुठे? शाळेच्या हॉलमधला पियानो कोण उतरवू देणार? मारूफींचं संगीत जगातल्या कुठल्याही पियानोवर, कुठल्याही गावात वाजतं. ज्यांना घर सोडून यावं लागलं, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे. 'पियानो जिंकलाय' म्हणणं सोपं आहे हो, तुम्ही घरी बसून रेकॉर्डिंग ऐकताय.

आणि मारूफींना रदीफ येत नव्हता असं कुणी समजू नये. त्यांचे वडील मूसा मारूफी म्हणजे तार या वाद्यातले बडे उस्ताद, दरवीश खान यांचे शिष्य. सगळा रदीफ स्वरलिपीत उतरवून काढला त्यांनी, १९६३ साली तो मोठा ग्रंथ छापला गेला. म्हणजे घरात बापाने शेकडो गुशे कोरोनच्या खुणांसह लिहून ठेवलेत, आणि मुलगा कोरोन नसलेला पियानो वाजवतोय! हे अज्ञानातून झालेलं नाही, समजून-उमजून केलेलं आहे.

---

हळद्या

धागा इराणी, प्रतिसाद इतके, आणि अजून बन-मस्का आला नाही? नियमभंग आहे हा.

---

कणसूर

@हळद्या, चहा टाकलाय, बसा.

@मावशी, बाप-लेकाचा मुद्दा फार मोलाचा. मूसा मारूफी १९६५ साली गेले, महजूबी गेले त्याच वर्षी. जवाद हे वझीरींच्या शाळेतून आलेले. वझीरी पॅरिस आणि बर्लिनला शिकून परतले होते. इराणी संगीताला हार्मनी देता आली पाहिजे, ऑर्केस्ट्रा उभा राहिला पाहिजे, ही त्यांची तळमळ. त्यासाठी त्यांनी सप्तकाचे सरळ चोवीस समान तुकडे कल्पिले. इस्फहान तर हार्मोनिक मायनरकडे सरकवला. आपल्या किरवाणीचेच सूर ते. जवाद मारूफी त्या विचाराचं फळ आहेत, हे मान्य. पियानोवर इराणी विद्यार्थी आज जे पाठ करतात त्यात त्यांच्या रचना पायाशी आहेत, हेही मान्य.

पण सोय हा संगीताचा निकष नाही. शाळेच्या हॉलमध्ये वाजतं म्हणून चांगलं, या न्यायाने तंबोऱ्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक तंबोरा श्रेष्ठ ठरेल. महजूबी ऐकताना एखादी जागा येते आणि वाटतं की हा सूर पियानोवर यापूर्वी कुणी ठेवलेलाच नव्हता. मारूफी ऐकताना असं मला एकदाही वाटत नाही.

---

टोरांटोची मावशी

निकष कोण ठरवणार, तुम्ही? आज्यांच्या डोळ्यांतलं पाणी निकषात बसत नाही का? असो. तंबोऱ्याचा दाखला मात्र तुमच्यावर उलटतो, हे लक्षात घ्या. मैफलीत आज किती जण चार तंबोरे लावून बसतात?

---

तारखुंटी

मी पियानो ट्यून करतो, पोटापाण्यासाठी. इथे सगळे 'तारा उतरवल्या' असं सहज लिहिताहेत, तेव्हा जरा आतली बाजू सांगतो.

पियानोत पट्ट्या ८८, तारा सव्वादोनशेच्या आसपास. खर्जात एका सुराला एक जाड तार, मग दोन, आणि मधल्या-वरच्या भागात तीन-तीन. हातोडी एकदम तिन्हींवर पडते. त्यामुळे एक सूर बदलायचा म्हणजे नमद्याची पट्टी घालून दोन तारा गप्प करायच्या, तिसरी लावायची, मग एकेक करून बाकीच्या तिच्याशी मिळवायच्या. तिघींत केसाएवढा फरक राहिला तरी सूर थरथरतो.

शूर लावायचा, सप्तकात दोन सूर कोरोन करायचे असं धरा. सात सप्तकं, म्हणजे चाळीसेक तारा. एखाद दोन तासांचं काम. हे ठीक आहे. पण पाव सूर उतरवला की त्या तारेवरचा ताण साडेपाच-सहा टक्क्यांनी कमी होतो. सगळ्या तारा मिळून लोखंडी चौकटीवर अठरा-वीस टनांचा भार असतो. त्यातला थोडा काढलात की लाकडी तबकडी किंचित हलते आणि ज्या तारांना हातही लावला नव्हता त्या सरकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावा. आणि आज शूर, उद्या चहारगाह असं रोज वर-खाली केलंत तर खुंट्या ढिल्या पडतात. मग तो पियानो कशातच राहत नाही.

याचा अर्थ, ज्याला असं वाजवायचंय त्याने एक पियानो त्यासाठीच वाहून ठेवायचा. किंवा एकदा लावून, त्या लावणीत जे जे दस्तगाह बसतात तेच त्या बैठकीत वाजवायचे. शूर आणि त्याच्या शाखा, दश्ती, अबू अता वगैरे, एकमेकांच्या शेजारी असल्याने हे जमतंही. पण एका मैफलीत कुठूनही कुठेही जायची मुभा गेली. 'बळी द्यावा लागतो' हे कणसूर यांनी नेमकं लिहिलंय. 'मी'ची (पाश्चात्त्य E) पट्टी कोरोन केलीत की त्या सप्तकातला शुद्ध 'मी' गेला. पियानोवाले ज्याला सूर बदलणं म्हणतात, म्हणजे एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणं, ते बंद.

एका गिऱ्हाइकाने एकदा अरबी सुरांत लावून मागितला होता. लावून दिला. पंधरवड्यात त्यांचाच फोन, परत नेहमीसारखा करा, मुलाची परीक्षा आहे. दोन्ही वेळचे पैसे मिळाले, माझी तक्रार नाही.

---

अर्धीमात्रा

तारखुंटी, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायच्या लायकीचा आहे.

मला एक शंका. आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहेत, त्यात 'ओरिएंटल' मॉडेल मिळतात, बटण दाबलं की ती पट्टी पाव सुराने खाली. मग महजूबींची वाट आता मोकळी झाली नाही का?

---

तारखुंटी

सुरांपुरती झाली. पण पाव सूर म्हणजे नक्की किती, हे त्या बटणाने आधीच ठरवून टाकलेलं असतं. शिवाय खऱ्या पियानोत कोरोन केलेली तार शेजारच्या तारांशी घुमते, त्यातून जो रंग येतो तो बटणात नाही. लग्नाच्या वाजंत्रीला मात्र उत्तम.

---

सरळमार्गी

दस्तगाह, मकाम, सगळं मूळचं आपलंच. भैरवच घेऊन गेले ते. यात इराणी काय आहे?

---

कणसूर

@सरळमार्गी, सांगाडे सारखे असले म्हणून कुणी कुणाचं चोरलं असं होत नाही. भैरवात आंदोलित रे-ध हा जीव आहे. चहारगाहमध्ये आंदोलन नाही, तिथे गुशे क्रमाने वर चढत जातात आणि शेवटी खाली परत येतात. चलन वेगळं, स्वभाव वेगळा. हा विषय इथे वाढवू नका, वेगळा धागा काढा, मी येईन.

---

फोर्टातला

या धाग्यात मुंबईचा एक धागा (कोटी माफ) जोडतो. कैखुश्रू शापूरजी सोराबजी, १८९२-१९८८. जन्म इंग्लंडचा, वडील मुंबईचे पारशी इंजिनियर, आई इंग्रज. पियानिस्ट आणि संगीतकार, आणि विक्षिप्तपणात अव्वल. त्यांची 'ओपस क्लाव्हिसेंबालिस्टिकम' ही एकच रचना चार तासांहून जास्त चालते. १९३० साली ग्लासगोत स्वतःच वाजवली. नंतर तर आपली कामं जाहीर वाजवायला परवानगीच देईनात. ती बंदी १९७६ ला सुटली.

नात्याचा मुद्दा असा की हा माणूस स्वतःला पारशी म्हणवायचा आणि पारशी म्हणजे मूळ इराण, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. १९४० ची त्यांची 'गुलिस्तान' ही पियानोरचना सादी या फारसी कवीच्या ग्रंथावरून. जामी या कवीच्या नावाने एक अवाढव्य सिंफनी, १९४२ ते १९५१ लिहीत होते. 'गुलिस्तान' रात्री दिवे मालवून ऐका. सुरांचा इतका दाट, ओला बगीचा पियानोवर दुसरा नाही. तेहरानला न जाता, कोरोन न लावता, इराण पियानोवर आणणारा हा तिसरा मार्ग झाला की नाही?

---

कणसूर

सोराबजींचं नाव इथे निघेल असं वाटलं नव्हतं. 'गुलिस्तान' ऐकलंय, दाट आहे यात वाद नाही. पण त्यात इराणी संगीत नाही, इराणी साहित्य आहे. बाग सादीची, माती युरोपची. मध्ये रदीफ कुठे लागत नाही. फारसी कवितेवर फिदा होऊन सुंदर काही लिहिणारे युरोपात डझनाने झाले. महजूबींना मी वेगळं काढतो ते एवढ्यासाठीच की त्यांनी कवितेचा नाही, सुराचा प्रश्न सोडवला.

याच न्यायाने अमीनुल्ला हुसैन (१९०५-१९८३) हेही माझ्या यादीत जरा बाजूला जातात. जन्म समरकंदचा, कारकीर्द पॅरिसची. पियानो कॉन्चेर्टो, 'पर्सेपोलिस' नावाची सिंफनी, भव्य कारभार. फ्रेंच अभिनेते-दिग्दर्शक रोबेर होसेन त्यांचे चिरंजीव. ऐकायला रुबाबदार आहे, सिनेमास्कोपमधला इराण. पण दस्तगाह त्यात वेशभूषेपुरता.

---

फोर्टातला

तुमचा दरवाजा फारच अरुंद आहे राव. मग आजच्या कुणाला आत घेणार?

---

कणसूर

अरुंद आहे, कबूल. पण बंद नाही. महजूबींच्या शिष्या फखरी मलेकपूर यांनी ती वादनशैली आणि ती लिपी पुढे चालवली. गुरूची खुणांची वही दुसऱ्याला वाचता येणं ही तिथे मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला अलीरझा मशायेखी, जन्म १९४०. यांनी इराणी सुरावट आधुनिक युरोपीय तंत्रातून अशी काही पिळून काढली की गोडवा औषधालाही नाही. मला पूर्ण पचत नाहीत, पण मारूफींपेक्षा ऐकावेसे वाटतात. इराणी रचनाकारांचं शंभर वर्षांचं पियानोसंगीत लैला रमझान या पियानिस्टने मालिका करून ध्वनिमुद्रित केलंय, त्यात मशायेखींची 'शहरझाद' आहे. तिथून सुरुवात करा. मावशी, तुमच्या लेकीलाही ऐकवा.

---

टोरांटोची मावशी

ऐकवलं. म्हणाली, 'आई, हे रागावलेले आहेत का?'

पण बाईंना तुमचा धागा वाचून दाखवला, भाषांतर करत करत. महजूबींचं नाव ऐकल्यावर त्या उठल्या, पियानोशी बसल्या आणि 'कारवान'ची चाल वाजवली. साध्या पियानोवर. कोरोनच्या जागी आल्या की दोन शेजारच्या पट्ट्या एकदम, अगदी हलक्या हाताने दाबायच्या. म्हणे कान मधला सूर आपोआप बनवतो. नंतर म्हणाल्या, मला महजूबी जास्त आवडतात, पण शिकवते मारूफी. हे वाक्य तुम्ही तुमच्या बाजूने घ्याल, मी माझ्या.

---

अर्धीमात्रा

दोन पट्ट्या एकदम! हे भारी आहे. गुलहाची रेकॉर्डिंग्ज कुठे मिळतात कुणी सांगेल का? यूट्यूबवर जे सापडतंय त्याला नावगाव नाही.

---

कणसूर

लंडनच्या जेन लुइसन यांनी सगळी गुलहामाला गोळा करून डिजिटल केलीय. 'गुलहा प्रोजेक्ट' असं शोधा. गायक, वादक, कवी, दस्तगाह, कशानेही शोधता येतं. आधी बनान आणि महजूबी, दश्ती निवडा. चहारगाह नंतर.

---

पेटीवाला

धागा वर काढतोय. कारण सांगतो.

आमच्या मित्राकडे बावीस श्रुतींची पेटी आहे. रविवारी तिच्यावर चहारगाह लावायला बसलो. प्रत्येक सुराला ओढ-ढकल खुंटी, खालची-वरची श्रुती निवडायची. म्हटलं, जे काम पियानोला दोन तास लागतं ते इथे दोन मिनिटांत होईल. नाही झालं.

त्यात चार रे मिळतात. सा पासून मोजले तर ९०, ११२, १८२ आणि २०४ सेंट. म्हणजे दोन कोमल, दोन शुद्ध. (शंभर सेंट म्हणजे साध्या पेटीतलं एका पट्टीचं अंतर.) आता होर्मोझ फरहात यांचं १९९० चं दस्तगाहवरचं पुस्तक काढलं. ते डब्लिनला प्राध्यापक होते, स्वतः रचनाकारही. त्यांनी तार आणि सेतार या तिथल्या तंतुवाद्यांवर प्रत्यक्ष मोजून सांगितलंय की वझीरींचा समान पाव सूर हा कागदावरचा. वाजवणाऱ्यांच्या हातात दोन वेगळे मधले सूर असतात, एक १३५ च्या आसपास आणि एक १६० च्या आसपास, तेही थोडे हलते. म्हणजे ११२ आणि १८२ च्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात. आपल्या बावीस श्रुतींत नेमकी तिथे एकही श्रुती नाही!

तेव्हा @सरळमार्गी, 'मूळचं आपलंच' या तुमच्या दाव्याचं उत्तर पेटीनेच दिलंय.

मित्र म्हणाला, कोमल रेचा स्वरच कानशीने घासून चढवू. त्याची बायको म्हणाली, त्या पेटीला हात लावलास तर बघ. सध्या जुन्या भंगारातल्या एका पेटीचे स्वर काढून ठेवलेत, पुढच्या रविवारी घासायला बसतोय. पितळेची पट्टी टोकाकडून घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. तारखुंटी, तुम्ही पुण्यात असाल तर या. कान लागेल.

---

तारखुंटी

येतो. ट्यूनर ॲप आणू नका, गुलहाचं रेकॉर्डिंग लावून ठेवा, त्यावरूनच मिळवू. आणि जास्तीचे चार-सहा स्वर हाताशी असू द्या, पहिले दोन बिघडणारच.